यूट्यूबची नवी टूल्स : कुठली कामाची, कुठली नुसती शोभेची?

बॉबिनवाली

माझं चॅनेल शिलाई मशीनच्या दुरुस्तीचं. आवाज माझा, हात माझे, चेहरा दिसत नाही. व्हिडिओ साधारण दहा-पंधरा मिनिटांचे. हल्ली यूट्यूब स्टुडिओ (चॅनेल सांभाळायचं पान) उघडला की आधी 'हे नवीन आलंय, वापरून बघा'च्या खिडक्या बंद करायच्या, मग कामाला लागायचं. थंबनेलची (व्हिडिओच्या मुखचित्राची) चाचणी, आपोआप डबिंग, हाईप (प्रेक्षकांनी छोट्या चॅनेलला वर ढकलायची सोय), विषय सुचवणारा इन्स्पिरेशन टॅब, शॉर्ट्ससाठी एआयने बनवलेली दृश्यं. प्रत्येकावर तासभर घालवला तर व्हिडिओ कधी करायचा?

म्हणून इथल्या जाणत्या मंडळींना विचारते. यातलं नेमकं काय वापरता आणि काय सोडून दिलंत? 'सगळं वापरा, अल्गोरिदमला आवडतं' असलं उत्तर कृपया नको. ते ऐकून कान किटलेत.

जुनंखोड

थंबनेलची चाचणी. बाकी सगळं तिच्यानंतर.

2024 च्या जूनपासून ती हळूहळू सगळ्यांना मिळत गेली. एका व्हिडिओला तीनपर्यंत थंबनेलं द्यायची, यूट्यूब ती एकाच काळात वेगवेगळ्या प्रेक्षकांना दाखवतं आणि साधारण दोन आठवड्यांच्या आत कुठलं चाललं ते सांगतं. पूर्वी लोक सोमवारी एक थंबनेल लावायचे, शुक्रवारी दुसरं, आणि आकडे ताडून बघायचे. त्याला काडीचा अर्थ नव्हता. पहिल्या दिवशी येणारे तुमचे नेहमीचे सबस्क्रायबर असतात आणि पाचव्या दिवशी येणारे शोधत आलेले परके.

यात विजेता क्लिकवरून ठरत नाही, हे लक्षात ठेवा. पाहण्याच्या एकूण वेळेत कुठल्या थंबनेलचा वाटा मोठा, त्यावर ठरतो. 'थांबा! मशीन भंगारात देऊ नका!!' असं लाल अक्षरांत ओरडून लोकांना आत ओढलं आणि ते वीस सेकंदांत पळाले, तर ते थंबनेल हरतं.

उंटावरचा_शहाणा

कागदावर छान आहे. पण क्लिकच आला नाही तर वेळ कुठून येणार? लोक येऊन पळतात हे मोठ्यांचं दुःख. नव्या चॅनेलकडे मुळात कुणी फिरकतच नाही. तिथे लाल अक्षरंच लागतात.

जुनंखोड

शहाणे, क्लिक त्या हिशोबात आहेच की. ज्याने क्लिक केलं नाही त्याचा पाहण्याचा वेळ शून्य. ज्या थंबनेलवर कुणी येत नाही ते हरतं, आणि ज्यावरून येऊन सगळे पळतात तेही हरतं. लाल अक्षरांना बंदी नाही, आतला मजकूर त्यांना जागला म्हणजे झालं.

छोट्या चॅनेलची अडचण तुम्ही म्हणता तिथे नाही, आकड्यांत आहे. व्हिडिओ पुरेशा लोकांपुढे गेलाच नाही तर निकाल 'अनिर्णित' येतो. आणि तीन थंबनेलांत फक्त मागचा रंग बदलला असेल तर 'सारखीच कामगिरी' असा शेरा मिळतो. म्हणून तिन्हींत कल्पनाच वेगळी ठेवायची. बॉबिनवालींचं उदाहरण घेऊ. एकात अख्खं मशीन. दुसऱ्यात कापडाच्या खालच्या बाजूला झालेला दोऱ्याचा गुंता, अगदी जवळून. तिसऱ्यात सुटी केलेली बॉबिन केस (खालच्या दोऱ्याचं रीळ बसतं ती डबी) तळहातावर. मी पैज गुंत्यावर लावेन. ज्याचं मशीन आत्ता अडलंय त्याच्या डोळ्यांसमोर तोच गुंता आहे, बॉबिन केस नाही.

तिन्ही चित्रं किमान 1280 बाय 720 ची द्या. एक जरी लहान असलं तरी तिन्ही 480 वर उतरवली जातात. शॉर्ट्सना ही सोय नाही.

खडू_आणि_फळा

+1. शीर्षकांचीही अशीच चाचणी यूट्यूबने 2025 मध्ये जाहीर केली. माझं मत : थंबनेल आणि शीर्षक एकदम बदलून चाचणी लावू नये. जिंकलं ते कशामुळे, हे मग कळत नाही आणि पुढच्या व्हिडिओसाठी हातात काही उरत नाही.

ताराबघ्या

मला वाटतं सगळ्यात उपयोगी टूल नवीन नाहीच. रिटेन्शनचा आलेख, म्हणजे व्हिडिओच्या कुठल्या क्षणाला किती प्रेक्षक टिकून आहेत ते दाखवणारी रेषा. तो वर्षानुवर्षं ॲनालिटिक्समध्ये आहे आणि लोक त्यातला सरासरीचा एक आकडा बघून टॅब बंद करतात.

आकडा सोडा, रेषा बघा. रेषा सपाट असेल तर लोक बसून बघतायत. खड्डा असेल तर तिथे पुढे ढकलतायत किंवा निघून जातायत. मध्येच उंचवटा आला तर त्या जागी लोक मागे येऊन पुन्हा बघतायत, नाहीतर नेमका तेवढा भाग कुणाला तरी पाठवतायत. सुरुवातीच्या तीस सेकंदांना किती टक्के टिकले ते यूट्यूब वेगळं दाखवतं. तिथे मोठी घसरण दिसली तर आपलं 'नमस्कार मंडळी, आपल्या चॅनेलवर पुन्हा एकदा स्वागत, व्हिडिओ आवडला तर' हे कापून टाकायचं, बस्स.

बॉबिनवाली

ताराबघ्या, तुमचं वाचून लगेच उघडून बघितलं. बॉबिन केसच्या व्हिडिओत साडेपाच मिनिटांच्या आसपास स्पष्ट उंचवटा आहे. तिथे मी दोरा केसच्या फटीतून आणून पातळ पत्र्याच्या स्प्रिंगखाली सरकवते. माझ्या हाताला सवय आहे, त्यामुळे दोन सेकंदांत होतं, आणि नेमका त्याच वेळी अंगठा मध्ये येतो. लोक मागे जाऊन जाऊन तेच बघतायत!

ताराबघ्या

हेच म्हणत होतो. उंचवटा दिसला की आपण खूश होतो, पण शिकवण्याच्या व्हिडिओत बऱ्याचदा त्याचा अर्थ 'कळलं नाही, पुन्हा दाखवा' असा असतो. तेवढाच भाग दुसऱ्या बाजूने, सावकाश, अंगठा बाजूला ठेवून चित्रित करा. एका मिनिटाचा शॉर्ट झाला की नाही? इन्स्पिरेशन टॅब विषय सुचवेल तेव्हा सुचवेल. तुमच्या प्रेक्षकांनी आधीच सुचवलाय.

वाचनमात्र

पहिल्यांदाच लिहितोय. धागा वाचनखूण म्हणून साठवला.

प्यादं

शॉर्टचा विषय निघालाच आहे तर. 15 ऑक्टोबर 2024 पासून उभा किंवा चौकोनी व्हिडिओ तीन मिनिटांपर्यंत असेल तर तो शॉर्ट धरला जातो. 31 मार्च 2025 पासून मोजणीही बदलली. शॉर्ट सुरू झाला किंवा पुन्हा फिरला की एक व्ह्यू, किती सेकंद बघितला याला किमान अट नाही. त्यामुळे आकडे फुगलेले दिसतात. पैशांसाठी आणि पात्रतेसाठी मात्र जुन्या पद्धतीचे 'एंगेज्ड व्ह्यूज'च धरतात. दोन्ही आकडे ॲनालिटिक्समध्ये असतात. फुगलेला मित्रांना सांगायला, दुसरा स्वतःला.

उंटावरचा_शहाणा

आणि शॉर्ट्समधून पैसे म्हणाल तर फार स्वप्नं बघू नका. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीतला 55 टक्के वाटा बनवणाऱ्याला मिळतो. शॉर्ट्सचं तसं नाही. फेब्रुवारी 2023 पासून शॉर्ट्सच्या मध्ये लागणाऱ्या जाहिरातींचे पैसे एकत्र केले जातात, व्ह्यूजच्या प्रमाणात त्याचे वाटे पडतात आणि तुमच्या वाट्यातले 45 टक्के तुमचे. एक गाणं वापरलं तर त्या व्ह्यूजपुरती अर्धी रक्कम वाटे पडायच्या आधीच संगीताच्या खात्यात जाते. दोन गाणी वापरली तर दोन तृतीयांश.

प्यादं

पण 45 टक्के हा दर गाणं असो नसो तोच राहतो, हेही सांगा की. गाण्याचा भार सगळ्यांच्या सामायिक रकमेवर पडतो, एकट्या तुमच्यावर नाही. लोक 'गाणं लावलं म्हणून माझे पैसे अर्धे झाले' असं समजतात, ते तसं नाही.

उंटावरचा_शहाणा

मान्य.

जुनंखोड

शहाण्यांनी मान्य केलं! तारीख लिहून ठेवा रे कुणीतरी. (हलके घ्या.)

बॉबिनवाली, शॉर्ट कराल तेव्हा स्टुडिओत 'रिलेटेड व्हिडिओ' या जागी मूळ मोठा व्हिडिओ जोडायला विसरू नका. शॉर्टच्या वर्णनात आणि कॉमेंटमध्ये दिलेल्या लिंका ऑगस्ट 2023 च्या अखेरीपासून दाबता येत नाहीत, नुसती अक्षरं दिसतात. शॉर्टवरून मोठ्या व्हिडिओकडे न्यायचा सरळ रस्ता आता तोच. शॉर्ट्स फीडमध्ये बघितलेला वेळ पार्टनर प्रोग्रामच्या (यूट्यूबकडून पैसे मिळवण्याच्या योजनेच्या) 4000 तासांत धरत नाहीत, तेव्हा तुमच्यासारख्यांनी शॉर्ट हा मोठ्या व्हिडिओचा दरवाजा म्हणूनच वापरावा.

खडू_आणि_फळा

त्या 4000 तासांबद्दल नव्या लोकांसाठी थोडं : पूर्ण जाहिरात-वाट्यासाठी 1000 सबस्क्रायबर, आणि सोबत गेल्या 12 महिन्यांत 4000 तास किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी वैध व्ह्यूज. 2023 च्या जूनपासून त्याच्या खाली एक पायरी आली : 500 सबस्क्रायबर, 90 दिवसांत किमान तीन सार्वजनिक व्हिडिओ, आणि 3000 तास किंवा शॉर्ट्सचे 30 लाख व्ह्यूज. या खालच्या पायरीवर सभासदत्व, सुपर थँक्स (प्रेक्षकांनी थेट दिलेले पैसे) वगैरे मिळतं, जाहिरातींचा वाटा नाही. ही खालची पायरी अजून सगळ्या देशांत नाही, आपल्या स्टुडिओत 'अर्न' टॅबमध्ये काय दिसतंय तेच खरं.

बॉबिनवाली

आता डबिंगचं सांगा. ते सुरू ठेवू की बंद?

प्यादं

सुरू ठेवा. फुकटात दुसऱ्या भाषेतला प्रेक्षक मिळतोय, नाही कशाला म्हणायचं? स्वतःचे वेगळ्या भाषांतले ऑडिओ ट्रॅक जोडणाऱ्या चॅनेलांना सरासरी 25 टक्क्यांहून जास्त वॉच टाइम मूळ भाषेबाहेरून मिळाला, असं यूट्यूबनेच 2025 मध्ये सांगितलंय.

खडू_आणि_फळा

थांबा, प्यादे. त्या वाक्यातला 'स्वतःचे' हा शब्द तुम्हीच लिहिलात आणि तुम्हीच ओलांडून पुढे गेलात. तो आकडा ज्यांनी ऑडिओ ट्रॅक स्वतः जोडले त्यांचा. आपोआप डबिंग ही वेगळी गोष्ट. ते डिसेंबर 2024 मध्ये माहितीपर चॅनेलांना मोठ्या प्रमाणात दिलं. तेव्हा नऊ भाषा होत्या, त्यांत हिंदी होती, मराठी नव्हती. पुढे यादी वाढत गेली.

मी डबिंगच्या विरुद्ध नाही. पण हाताने करून दाखवण्याचा व्हिडिओ आणि नुसतं बोलण्याचा व्हिडिओ यांत फरक आहे. बॉबिनवाली म्हणतात 'हा स्क्रू, हा नाही, त्याच्या शेजारचा', आणि त्याच क्षणी बोट त्या स्क्रूवर असतं. दुसऱ्या भाषेत वाक्याची लांबी बदलते, शब्दांचा क्रम बदलतो. डबचा आवाज 'हा नाही' म्हणेपर्यंत बोट पुढच्या स्क्रूवर गेलेलं असू शकतं. बघणारा चुकीचा स्क्रू फिरवणार, मशीनचं टेन्शन (दोऱ्याचा ताण) बिघडणार आणि कॉमेंटमध्ये बोलणी तुम्ही खाणार.

म्हणून सेटिंगमध्ये 'प्रकाशित करण्याआधी मी तपासेन' हा पर्याय निवडा. भाषा तुम्हाला येत नसली तरी व्हिडिओ लावून 'हा', 'इथे', 'आता' आलेल्या जागी चित्र आणि आवाज जुळतो का, इतकं तरी बघता येतं. एखाद्या व्हिडिओचं डब नको असेल तर तेवढंच काढून टाकता येतं, मूळ व्हिडिओला धक्का लागत नाही.

प्यादं

बुद्धिबळाच्या व्हिडिओत ही भानगड येत नाही. पटावर बाण असतो, बोलणं थोडं पुढेमागे झालं तरी चालतं. पण शिलाई मशीनसाठी मुद्दा पटला.

वाचनमात्र

जमलं तर दुसऱ्या भाषेतला आवाज स्वतःच रेकॉर्ड करून जोडता येतो ना?

खडू_आणि_फळा

येतो. 2023 च्या फेब्रुवारीत निवडक चॅनेलांपुरतं होतं, सप्टेंबर 2025 मध्ये सगळ्यांसाठी खुलं करत असल्याचं जाहीर झालं. व्हिडिओ एकच, दुवा एकच, व्ह्यूज एकाच ठिकाणी जमतात. वेगवेगळ्या भाषांसाठी वेगळी चॅनेलं सांभाळण्यापेक्षा बरंच बरं.

जुनंखोड

आता जरा म्हाताऱ्याचं ऐका. जुने व्हिडिओ बघताना कधी लक्षात आलंय का? माणूस बोलता बोलता कोपऱ्याकडे बोट दाखवतो, 'इथे दाबा' म्हणतो, आणि तिथे काहीच नसतं. तिथे ॲनोटेशन होतं, म्हणजे व्हिडिओवर चिकटवलेली दाबायची चौकट. 2017 च्या मे महिन्यात नवीन ॲनोटेशन लिहिणं बंद झालं, 15 जानेवारी 2019 पासून जुनीही दिसेनाशी झाली. कारणही रास्त होतं, ती मोबाइलवर चालत नसत आणि बघणारे मोबाइलवर गेले होते. पण ज्यांनी अख्खे खेळ, प्रश्नमंजूषा, 'डावा रस्ता की उजवा' अशा गोष्टी त्यावर रचल्या होत्या, त्यांचे व्हिडिओ पांगळे झाले. प्रेक्षकांनी मिळून सबटायटल लिहायची सोय सप्टेंबर 2020 मध्ये गेली. नापसंतीचा आकडा नोव्हेंबर 2021 पासून प्रेक्षकांना दिसत नाही, बनवणाऱ्याला स्टुडिओत दिसतो. स्टोरीज 2023 मध्ये बंद. ट्रेंडिंगचं पान 2025 च्या जुलैत काढायचं ठरलं.

तक्रार म्हणून सांगत नाही. नवीन टूलकडे बघताना मी एकच प्रश्न विचारतो : उद्या हे काढून घेतलं तर माझा व्हिडिओ उभा राहील का? थंबनेलची चाचणी काढली तर निवडलेलं थंबनेल राहतं. आलेख काढला तरी सुधारलेला व्हिडिओ राहतो. पण 'पुढची पायरी कार्डमध्ये (व्हिडिओवर उघडणाऱ्या दुव्यात) बघा' असं म्हणून पायरीच व्हिडिओबाहेर ठेवलीत, तर ती तुमच्या हातात नाही. स्क्रूचा आकार, दोऱ्याचा मार्ग, सावधगिरीची सूचना, हे सगळं चित्रातच लिहा.

ताराबघ्या

हे फार आवडलं. प्रिंट काढून ठेवावं असं.

उंटावरचा_शहाणा

मग एआयच्या टूल्सना तुमचा प्रश्न लावा बघू.

जुनंखोड

लावतो. शॉर्टमध्ये एआयने बनवलेलं आकाश मागे टाकलं, उद्या ते टूल गेलं, काय बिघडलं? काही नाही. पण आज तरी काय साधलं? शिलाई मशीनच्या मागे आकाश कुणाला हवंय?

खडू_आणि_फळा

एआयच्या बाबतीत दोन नियम मात्र माहीत हवेत, आवड असो नसो. मार्च 2024 पासून, खऱ्यासारखं वाटेल असं काही एआयने बनवलं किंवा बदललं असेल, जसं की खऱ्या माणसाच्या तोंडी न बोललेलं बोलणं, किंवा न घडलेल्या घटनेचं खरं वाटणारं दृश्य, तर अपलोड करताना तसं जाहीर करावं लागतं. मसुदा लिहायला, विषय सुचायला, सबटायटलला मदत घेतली तर जाहीर करायची गरज नाही. आणि 15 जुलै 2025 ला पैसे मिळवण्याच्या धोरणातल्या 'पुनरावृत्ती'च्या कलमाचं नाव 'इनऑथेंटिक' मजकूर असं झालं. त्यावरून एआय वापरलं की पैसे बंद अशी आवई उठली होती. तसं नाही. एकाच साच्यातून ठोक भावात काढलेले व्हिडिओ आधीही पात्र नव्हते.

बॉबिनवाली

संगीताचं कुणी बोललंच नाही. मागे हलकंसं वाजत ठेवते मी.

ताराबघ्या

या विषयावर मी जळलोय, म्हणून सविस्तर. 'मोफत' म्हणून एका संकेतस्थळावरून घेतलेल्या संगीतावर एका संगीत कंपनीचा क्लेम (हक्काचा दावा) आला. आधी घाबरलो. मग वाचलं. क्लेम म्हणजे स्ट्राइक नव्हे. कंटेंट आयडीचा (यूट्यूबच्या आपोआप गाणी ओळखणाऱ्या यंत्रणेचा) क्लेम एका व्हिडिओपुरता असतो, बहुतेक वेळा त्याचे पैसे क्लेम करणाऱ्याकडे वळतात इतकंच. चॅनेलवर डाग पडत नाही. स्ट्राइक (चॅनेलला मिळणारी ताकीद) वेगळा, 90 दिवसांत तीन झाले तर चॅनेल जाऊ शकतं.

क्लेम आला तर स्टुडिओतच तीन वाटा : तेवढा तुकडा कापा, गाणं बदला, किंवा गाणं पुसा. पुसण्याचं टूल जुलै 2024 मध्ये सुधारलं, ते बोलणं ठेवून फक्त संगीत काढायचा प्रयत्न करतं. गाण्याच्या वर बोलत असाल तर नंतर ऐकून बघा, शब्दांच्या कडा कधी कधी खरवडल्यासारख्या होतात. जमलं तर क्लेम आपोआप सुटतो.

आणि परवाना खरंच हातात असेल तर आव्हान द्या, तेही क्लेम आल्यापासून पाच दिवसांच्या आत. आत दिलं तर पहिल्या दिवसापासूनची कमाई बाजूला ठेवली जाते आणि निकाल लागेल त्याला मिळते. उशिरा दिलं तर आव्हान दिल्यापासूनची. समोरच्याला उत्तरासाठी 30 दिवस असतात. परवान्याची पावती पीडीएफ करून व्हिडिओच्या फोल्डरमध्येच ठेवा, नंतर मेलमध्ये शोधत बसण्यात ते पाच दिवस कधी गेले कळत नाही.

प्यादं

सगळ्यात सोपं म्हणजे स्टुडिओतल्या ऑडिओ लायब्ररीतलं घ्या. किंवा ताई, संगीतच काढा. तुमच्या व्हिडिओत मशीनचा आवाज ऐकायचा असतो. बिघडलेलं मशीन कसं खडखडतं आणि नीट झाल्यावर कसं चालतं, यासाठीच तर लोक येतात.

बॉबिनवाली

अरे हो! हे कुणी आधी का नाही सांगितलं?

उंटावरचा_शहाणा

हाईप राहिलं. 500 ते पाच लाख सबस्क्रायबर असलेल्या चॅनेलांसाठी. व्हिडिओ आल्यापासून सात दिवसांत प्रेक्षक त्याला हाईप देऊ शकतात, आठवड्याला तीन फुकट, चॅनेल जितकं लहान तितके गुण जास्त, त्यावरून देशाच्या यादीत पहिले शंभर लागतात. दुरुस्तीचा व्हिडिओ लोक मशीन बिघडेल तेव्हा शोधतात, सात दिवसांत नव्हे. माझ्या लेखी तुम्ही तिकडे बघूही नका.

जुनंखोड

शहाण्यांशी सहमत. आज दुसऱ्यांदा.

वाचनमात्र

एक शंका, धाग्याला धरूनच आहे. वर्णनात वेळा लिहिल्यात तरी माझ्या व्हिडिओत चॅप्टर (नावं दिलेले भाग) दिसत नाहीत. 0:12 ओळख, 1:40 साहित्य, 4:05 कृती, असं लिहिलंय.

खडू_आणि_फळा

पहिली वेळ 0:00 च हवी. किमान तीन ठिकाणच्या वेळा, चढत्या क्रमाने, आणि प्रत्येक भाग निदान दहा सेकंदांचा. तुमच्या यादीच्या वर '0:00 सुरुवात' एवढं टाका. पुढच्या 0:12 ला अडचण नाही, मधे बारा सेकंद आहेत.

वाचनमात्र

आले! आभारी आहे.

बॉबिनवाली

चॅप्टर मीही टाकते मग. बॉबिन केसला 'दोरा स्प्रिंगखाली कसा सरकवायचा' असा वेगळा. डब तपासूनच प्रकाशित होईल असं करून ठेवलंय. थंबनेलची चाचणी आजच लावते, गुंता, अख्खं मशीन आणि तळहात, तिन्ही. जुन्याखोडांची पैज आहे, निकाल लागला की याच धाग्यावर टाकते. अनिर्णित आला तरी टाकेन.

उंटावरचा_शहाणा

चौथं लाल अक्षरांचं टाका.

जुनंखोड

तीनच चालतात.